अण्णांचा खांदा

दत्ताअण्णा गिटारला हात लावण्याआधी उजवा पाय धुवायचे. नवरात्रात मंडपात देवी असते, म्हणून आम्ही सगळेच अनवाणी वाजवत असू. पण माझ्या निजामपुऱ्यातल्या घरी रविवारी दुपारची तालीम असली तरी अण्णांचा हा नेम चुकायचा नाही. मोरीत पाय धुणार, पंच्याने बोटांच्या बेचक्या पुसणार, मग तो पाय पेडलवर ठेवणार. "बूट घालून पेडल दाबणं म्हणजे हातमोजे घालून वरणभात कालवणं," असं म्हणायचे.

अण्णा बँकेत कारकून. पणजोबा संस्थानच्या पायदळात होते, त्याचा अभिमान अंमळ जास्तच. आमच्या गरब्याच्या वाद्यवृंदात त्यांनी वीस वर्षं गिटार वाजवली. घरोघरी मोबाइल आले त्या सुमारास डिजिटल अँपही आले. बाकीच्यांनी नाकं मुरडली, अण्णांनी हट्टाने घेतला. त्याच्या पेडलवर त्यांनी आवाज नाही, गेन लावून घेतला. पाऊल पुढे झुकलं की सूर तापून खरखरीत व्हायचा, टाच टेकली की पुन्हा मऊ. गाण्याची ओळ संपता संपता ते पाऊल झुकवायचे आणि गरब्याचा अख्खा फेरा वेग घ्यायचा. मी "जरा जोरात" म्हटलं की चिडायचे. "जोर कोणीही देतो रे सुधीर. धार देता आली पाहिजे."

मग मधुमेहाने पाय बधिर झाला. पेडल कुठवर दाबलं गेलंय, तेच त्यांना कळेना. एका नवरात्रात ऐन आरतीत गिटार अशी कर्कश ओरडली की माणसं कानांवर हात ठेवून आमच्याकडे बघू लागली. वाद्यवृंद माझा, तेव्हा मंडळाची बोलणी मीच खाल्ली. दिवाळीनंतर अण्णांच्या पाणीगेटच्या घरी जाऊन म्हटलं, "अण्णा, पुढच्या वर्षी पेडल सोडून वाजवा. नाहीतर आराम करा."

"पेडल सोडून? म्हणजे नुसती हजेरी लावायची?" ते पायाकडे बघत राहिले. "पाय माझाच आहे, पण आता मला विचारत नाही."

त्या दिवशी जिना उतरताना मला माझीच लाज वाटली.

पुढच्या वर्षी तालमीला अण्णा सुमनवहिनींना घेऊन आले. "हिला माझ्या मागे बसू दे. पेडल ही हाताने दाबेल." वहिनींना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी गेन समजावू लागलो, तर मला थांबवून म्हणाल्या, "आवाज म्हणजे पातेलं केवढं, आणि हा गेन म्हणजे आच केवढी. बराबर ना?"

आता फजिती होणार, असं मी मनात म्हटलं. पण पहिल्याच गाण्यात पेडल नेमक्या जागी झुकलं.

"कसं कळलं वहिनी?"

"सूर तापवायच्या आधी यांचा डावा खांदा जरासा वर जातो. घरात चिडायच्या आधीही तसंच. इतकी वर्षं बघतेय."

अशी तीन नवरात्रं निघाली. अण्णा तालमीला येत, पाय धूत, पुसत आणि मग तो नुसता जमिनीवर ठेवून वाजवत. पुढे त्याच पायाची जखम चिघळली आणि श्रावणात अण्णा गेले. स्मशानात मी रडलो नाही. घरी येऊन तालमीची, वाद्यांची खोली उघडल्यावर अँपवर त्यांचा पंचा वाळत घातलेला दिसला, तेव्हा रडलो.

त्या वर्षीच्या पहिल्या तालमीला वहिनी घरी राहिलेलं पेडल द्यायला आल्या. नवा गिटारवाला विशीतला, गुणी होता. तो पेडल परत त्यांच्याच हाताशी ठेवत अदबीने म्हणाला, "काकी, तमे ज दबावो ने."

वहिनी त्याच्या मागे, आपल्या जुन्या जागी बसल्या. पेडलवर हात ठेवला. गाणं सुरू झालं. ओळ संपत आली, जागा आली, निघून गेली. हात तसाच होता. पुन्हा तीच ओळ आली. वहिनी त्याच्या पाठीकडे टक लावून बघत होत्या.

गाणं थांबलं. त्यांनी पदराने पेडल पुसलं आणि त्या मुलाच्या पायाशी सरकवलं.

"छान वाजवतो," त्या मला म्हणाल्या, "पण याचा खांदा मला काहीच सांगत नाही रे."