रिजेक्टमामांचा रॅक

कुठलीही वस्तू रिजेक्टमामांना पहिल्या फटक्यात पसंत पडली, असं मी आठ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. कलिंगड असो, शर्टाचं कापड असो, नाहीतर कँटीनमधली पोळी असो, ते आधी ती वस्तू हातात घ्यायचे, उलटीसुलटी करायचे, जरा लांब धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "रिजेक्ट." वाळूजच्या आमच्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या टेबलावरूनच बाहेर जायचा. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळा कारखाना त्यांना रिजेक्टमामाच म्हणायचा आणि तेही बिनतक्रार ओ द्यायचे.

मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. पहिल्याच दिवशी वीस तुकडे भराभर मोजून मी ट्रे पुढे सरकवला. मामांनी तो तसाच माझ्याकडे परत सरकवला. "बस सुटती का माय तुझी?" एवढंच म्हणाले. मी परत मोजले आणि त्यातले दोन चुकलेले निघाले. मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. सिग्नलला उभं राहायचं तरी माझा जीव वरखाली होतो. मामांना ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "तू बसली तरी पळतीच," असं ते म्हणायचे आणि माझ्या हलणाऱ्या पायाकडे बघून हसायचे.

तसे तेही काही शांत नव्हते. शिफ्टभर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. पण रविवारी नाथसागर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर माशांसाठी गळ टाकून बसले, की हाच माणूस सकाळी सहापासून अकरापर्यंत जागचा हलायचा नाही. कन्नडजवळच्या त्यांच्या गावी वडिलांनी त्यांना हा नाद लावला होता. मासा मिळाला नाही तरी त्यांचं काही बिघडायचं नाही. सोमवारी विचारलं, तर म्हणायचे, "पाणी बघून आलो. लई झालं."

निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे गळाच्या सात काठ्या जमल्या होत्या. तीन बांबूच्या, स्वतः तासून, शेकून सरळ केलेल्या. चार फायबरच्या, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आणून दिलेल्या. घर दोन खोल्यांचं. काही काठ्या पलंगाखाली, काही दाराआड, आणि एक कायम वाटेत आडवी. त्या आडवीला अडखळून मामी पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. गळ्यात हात बांधून मामींनी हुकूम सोडला, "माझं प्लॅस्टर निघायच्या आत भिंतीला रॅक लागला नाय, तर एकेक काठी बंबात घालीन." मामांनी मला फोन केला. "जय भीम. तुझी स्कूटी हाय ना? शनिवारी पहिली पाळी सुटली की ये."

असे आमचे चार शनिवार गेले. शहरात खेळाच्या सामानाची, फर्निचरची, स्टीलच्या मांडण्यांची जेवढी दुकानं आहेत, त्या सगळ्यांच्या पायऱ्या आम्ही चढलो. उभ्या काठ्या ठेवायचा गोल स्टँड बघितला. "बांबू उभा ठेवला की पोक धरतो. रिजेक्ट." नळ्यांचा बघितला. "आत ओल राहती. रिजेक्ट." एकात भिंतीला नुसते आकडे ठोकायचे होते. "काठी हाय ती, भाजीची पिशवी नाय." प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, त्यामुळे भांडताही येईना. मी दुकानाबाहेर स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभी राहायची आणि मामा आत परत परत तोच रॅक मोजत बसायचे.

चौथ्या शनिवारी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात शिसवी लाकडाच्या दोन आडव्या पट्ट्या मिळाल्या. प्रत्येक पट्टीला सात खाचा, खाचेत मऊ बनातीचं अस्तर. काठ्या आडव्या राहणार, वारा लागणार, सातच्या सात बसणार. मी मनातल्या मनात घरी पोचलेसुद्धा. मामांनी खिशातून त्यांचं मिलिमीटर मोजायचं जुनं व्हर्निअर काढलं, खाच मोजली आणि मान हलवली. "तेवीस. मूठ चोवीस मिलिमीटरची हाय. बसायची नाय."

दुकानदार कंटाळून म्हणाला, "चाचा, कल भी तुम यहीच नापे थे. कल पच्चीस बोले थे."

म्हणजे मामा आदल्या दिवशी एकटेच येऊन गेले होते. मी त्यांच्या हातातून व्हर्निअर घेतलं आणि खाच मोजली. सव्वीस. परत मोजली, परत सव्वीस. चार शनिवारांचा सगळा वैताग माझ्या तोंडून एकदम बाहेर पडला. "मामा, सव्वीस आहे. तुम्हाला आकडा दिसतच नाहीये."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दुकानदार खाली बघून उगीचच सुतळी गुंडाळायला लागला. अख्खं आयुष्य मोजण्यात गेलेल्या माणसाला मी चारचौघांत हे ऐकवलं होतं. शब्द परत घेता आले असते तर मी तिथल्या तिथे घेतले असते. मामांनी व्हर्निअर रुमालात गुंडाळलं. "हेच बांध," ते दुकानदाराला म्हणाले.

परत येताना वाळूजच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा झाल्यावर मामा मागून बोलले. "काचबिंदू हाय. डाक्टर म्हणतो, गेली ती नजर गेली. हाय ती किती दिस ऱ्हाईल, सांगता येत नाय. मामीला नाय सांगितलं." गळाच्या दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचा तुकडा बांधलेला असतो, तो बुडाला की मासा लागला असं समजायचं. मामा त्याला पीस म्हणायचे. "चार महिने झाले, पीस दिसंना. नुस्ता बसून येतो. एकदा काठ्या भिंतीवर गेल्या की त्या खाली कशाला निघतील? म्हून लांबवीत होतो."

मी स्कूटी चालवत होते म्हणून बरं. माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेऊन गेले आणि पट्ट्या भिंतीला बसवल्या. मामांनी एकेक काठी हातात घेतली, मुठीवरून अंगठा फिरवून ती ओळखली आणि तिच्या तिच्या खाचेत ठेवली. सातवी ठेवून ते मागे सरकले. भिंत छान दिसत होती आणि ते मला सहन होईना. मी म्हटलं, "येत्या रविवारी मी येते. पीस मी बघेन. मी सांगितलं की तुम्ही ओढायचं."

"तुला बसवंल का?"

"बसवेल."

त्यांनी ठेवलेल्या काठ्यांतली एक बांबूची परत खाली काढली आणि ते तिचा दोरा तपासायला बसले.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही फुगवट्यावर होतो. मामांनी हिंग घातलेली कणीक मळून आणली होती. तिची गोळी लावून त्यांनी गळ टाकला आणि मांडी घातली. मी पिसाकडे बघत बसले. पहिला अर्धा तास बरा गेला. मग पाय अवघडला म्हणून उठले. मग पाणी प्यायला उठले. मग बसल्या बसल्या फोन काढला, एक निरोप वाचला, त्याला उत्तर दिलं, दुसरा वाचला. मान वर केली तर पीस पाण्यात नव्हतं. मी तोंड उघडेपर्यंत ते टुपकन वर आलं आणि डुलायला लागलं.

"आला व्हता का गं?" मामांनी विचारलं. पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

"नाही मामा. वारा होता."

त्यांनी दोरा हळूहळू ओढून घेतला, गळ हातात धरला आणि अंगठ्याने चाचपला. कणकेची गोळी गेली होती, गळ रिकामा होता. त्यांनी दुसरी गोळी लावली आणि गळ परत टाकला. थोड्या वेळाने म्हणाले, "चल. तुला उशीर व्हईल."

त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली, आणि लाज वाटत होती म्हणून मीही विषय काढला नाही. सणासुदीला मी त्यांना फोन करायचे, नजर कशी आहे ते विचारायचे आणि घाईघाईने ठेवून द्यायचे.

यंदा मामांची नजर पार गेली. उजेड आणि अंधार, एवढंच आता कळतं. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. मामी घर आवरायला दोन दिवस मागे राहिल्या होत्या. भिंतीवरचा रॅक काढायला त्यांनी मला बोलावलं. सातही काठ्या आणि रॅक मामांनी माझ्यासाठी ठेवला होता. मी स्क्रू सोडवत होते आणि मामी भांडी बांधत होत्या.

"तू त्या बारीनंतर परत काहून आली नाय गं?" त्यांनी सहज विचारलं.

"मामांनी बोलावलंच नाही."

"बोलवायचे नाय ते. मी म्हणायची, फोन करा. तर म्हणायचे, पोरीला एकच सुट्टी असती, तिच्या मनात आलं तर येईल." मामींनी गाठ आवळली. "दर रविवारी पाचाला उठून कणीक मळायचे. बूट घालून, काठी मांडीवर घेऊन त्या दाराच्या खुर्चीत बसायचे. रस्त्यानं स्कूटी गेली की मान वर करायचे. सात वाजले की बूट काढायचे."

"किती दिवस?"

"किती म्हंजे? जाईपर्यंत. गेल्या रविवारी बी बसले व्हते."

माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. आणि रविवारी पाचाला मी जागीच असते, झोप येत नाही म्हणून घरातल्या घरात फेऱ्या मारत.