आईच्या अंगावरून

वडील होडीत बसत नसत. आमच्या गावाहून भोरकडे यायचं तर भाटघरच्या पाण्यातून अर्ध्या तासाची वाट. ते मात्र काठाकाठानं सकाळभर चालत. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा ते लहान होते, आणि त्यांच्या आईला तिथंच ओढ्याकाठी पुरलेलं होतं. "आईच्या अंगावरनं जाऊ व्हय?" म्हणायचे. विषय संपला.

सत्तरच्या दशकात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. काठानं येताना दोनदा पडले. भोरच्या दवाखान्यात ऑपरेशनचा दिवस ठरला, आणि हे हटून बसलेले. मी शाळेत मास्तर, पण घरात माझ्या मास्तरकीला कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवसांत मला शब्दांचं मूळ शोधायचा नाद होता. समजावण्याचे सगळे उपाय थकले, तेव्हा वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातलं मी त्यांना सांगत बसलो. रुमानियात चालण्या-जाण्याला 'मेर्जे' म्हणतात. तो शब्द लॅटिनमधून आला, आणि तिथं त्याचा अर्थ होता बुडणं. निघालेला माणूस हळूहळू दिसेनासा होतो, त्यावरून असेल, असा जाणकारांचा एक अंदाज.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांचं बी गाव बुडालं आसंल. त्याबिगर मानूस येवढा चालत न्हाई."

मला हसू यायला हवं होतं, लाज वाटली. कसंबसं म्हटलं, "दादा, डोळं गेलं तर चालनार कसं?"

 दुसऱ्या दिवशी ते होडीत बसले. वहाणा काढून मांडीवर घेतल्या आणि पैलतीर येईपर्यंत हात जोडून राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा लावून ते माझ्याबरोबर गावी निघाले. काठावर येताच होडीवाल्यानं हाक दिली. "आता दिसतंय की मला," म्हणत वडील सरळ काठाच्या वाटेला लागले. माझं डोकंच फिरलं. चाला मग, म्हणून मी एकटा होडीत बसलो.

होडीतून पाहिलं, तर ते टेकाड ओलांडून पलीकडं उतरत होते. आधी पाय दिसेनासे झाले, मग धोतर, मग मुंडासं. मला एकदम भीती वाटली. मी वाकून वहाणा काढल्या आणि मांडीवर घेतल्या.