झाडूने आडनाव वाचणारी मॉरीन

मॉरीनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ड्राइव्हवेवर झाडू घेऊन नाचत होती. निदान मला तरी तसंच वाटलं. सातासमुद्रापार, लोअर हटला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. शेजारी पंचाहत्तरीची एक बाई एकटी राहते, एवढंच ठाऊक होतं. बाईंनी लांब दांड्याचा झाडू पाण्याच्या बादलीत बुडवला, सिमेंटवर एक भलामोठा फराटा ओढला, स्वतःभोवती गिरकी घेतली, दोन पावलं मागे सरून मान वाकडी केली आणि पुन्हा बादली गाठली. मी कुंपणाशी तोंड उघडं टाकून उभी.

"किया ओरा!" तिने इकडचा नमस्कार ठोकला. "बघत काय राहिलीस? ये इकडे, हा ओफ्लिन आहे की ओफ्लॅनगन, सांग मला!"

मॉरीनचे पणजोबा आयर्लंडहून बोटीने आलेले. तिकडच्या जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचून लावायचा तिला भयंकर नाद. कुठून कुठून लोक तिला त्या पानांचे फोटो पाठवायचे, कारण त्यातली आडनावं कुणाच्या बापाला लागायची नाहीत. पाद्रीबुवांचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय, त्यात शाई पसरलेली.

"नुसतं डोळ्यांनी बघून काय कळणार, डिअर?" मॉरीन म्हणायची. "त्याचा हात जसा फिरला तसा आपला फिरवायचा. मोठ्ठा. मग हातच सांगतो पुढे काय ते." ऊन लागलं की पाणी सुकायचं, की ही परत काढायला मोकळी. आणि एक वाक्य तर तिचं ठरलेलं होतं, "आपल्याला हवंय ते नाव वाचायचं नाही हं. लिहिलंय ते वाचायचं."

या बाबतीत ती कुणाची भीड ठेवायची नाही. एकदा पापाकुराहून एक दणकट गृहस्थ आला. शॉर्ट्स, पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी सपाता, आणि दंडावर आपल्या थोर आयरिश घराण्याचं आडनाव गोंदवलेलं, वर ढाल-तलवार वगैरे सगळा थाट. मॉरीनने झाडू फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "हे तुझं आडनाव नाहीच रे."

त्याचा चेहरा पांढराफटक. मी तिला डोळ्यांनी खुणावतेय की अगं, जाऊ दे ना. छे! "याने गोंदवून घेतलं म्हणून पाद्री काय वर बसून अक्षर बदलणार आहे?" मग तिने त्याला गरमागरम स्कोन पाव खाऊ घातले, वर हीप्स, म्हणजे ढीगभर, क्रीम. जाताना तो पठ्ठ्या विचारतो, खरं आडनाव दुसऱ्या दंडावर बसेल का? "स्वीट अ‍ॅज!" मॉरीन म्हणाली, म्हणजे झकासच, आणि त्याचा दंड दाबून बघितला.

असाच एकदा हॅमिल्टनहून डेस आला. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लाजरा, उंच माणूस. त्याला पणजीच्या माहेरचं आडनाव हवं होतं. मॉरीनने ते लावलं आणि झाडू फेकून किंचाळली. हॅनरॅटी! मॉरीनच्याच माहेरचं आडनाव, तेच गाव, तेच आईबाप. म्हणजे त्याची पणजी आणि हिचे पणजोबा सख्खी भावंडं. मॉरीन एकुलती एक, मूलबाळ नाही, नवरा गेलेला. "मला भाऊ मिळाला!" असं ती आमच्या अख्ख्या गल्लीला सांगत फिरली.

भाऊ मग वरचेवर येऊ लागला. सहा-सात तास गाडी हाकत यायचा, टोपलीभर फिजोआची हिरवी फळं आणायचा. आणि एका फिजोआच्या मोसमात त्याने तिला चक्क लग्नाचं विचारलं.

मॉरीन धापा टाकत माझ्या स्वयंपाकघरात आली. "भावाशी कुणी लग्न करतं का?" कायद्याची काही अडचण नव्हती, इतकं लांबचं नातं कोण धरतो? पण मॉरीनला ते पटेना. मग हळूच म्हणाली, "तेव्हा मला भाऊ हवा होता गं. म्हणून तर मी हॅनरॅटी वाचलं नसेल? ते हॅनराहनही असू शकतं. आणि आता मी झाडू हातात घेतला तर मला हॅनराहनच दिसणार. माझ्यावर माझा विश्वास नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला तो माणूस मनापासून आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

म्हणजे ज्याला आयरिश आडनावांचा गंधही नाही असा वाचणारा पाहिजे. अशी व्यक्ती घरातच होती. पुण्याहून माझी आई आली होती. जन्मभर दिवाळीत दारभर रांगोळी काढलेली बाई. तिला काहीही सांगायचं नाही, फक्त फोटोतलं चित्र तसंच्या तसं झाडूने काढायचं, अशी मॉरीनची अट. शेवटच्या अक्षराला वायसारखं खाली शेपूट आलं तर हॅनरॅटी, नाही आलं तर हॅनराहन, म्हणजे नातंच नाही. डेस रस्त्यावर गाडीतच बसून होता. बघवत नाही म्हणाला.

आईने ओढणी खोचली, झाडू बुडवला आणि सुरू झाली. मी मनात म्हणतेय, देवा गणराया, शेपूट नको! आईने शेवटचं अक्षर काढलं आणि ऐटीत झाडू खाली खेचून मस्त वळवला.

"टेल?" मॉरीनने विचारलं.

"येस, बिग टेल!" आई खूश.

"आई, परत एकदा काढ ना," मी म्हटलं.

"नाही," मॉरीन म्हणाली. "लिहिलंय ते लिहिलंय." आणि डेसला सांगायला गाडीकडे चालू लागली.

"अगं, रडतेय का ती? माझं चुकलं का काही?" आई घाबरली. मी एका दमात सगळं सांगितलं. आईने बोटांवर हिशोब मांडला. "पणजी त्याची, पणजोबा हिचे. म्हणजे हा आत्याकडचा. अगं, आतेभाऊ की हा!"

"हो, पण..."

"पण काय पण? तुझी थोरली मावशी आतेभावालाच दिलीय ना? अजून रोज भांडतात, सुखात आहेत!" आणि माझी आई माझ्या जँडल्स फटफटवत रस्त्याकडे धावली. "मॉरीन! स्टॉप! फादर्स सिस्टर साइड! इन अवर प्लेस, बेस्ट हजबंड!"

मॉरीन वळली. "खरंच तुमच्याकडे हे चालतं?"

"चालतं काय, पळतं!" मी ओरडले. "चुलतभाऊ नाही, मावसभाऊ नाही, पण आतेभाऊ म्हणजे हक्काचा!"

"म्हणजे लिहिलंय तेही खरं," ती म्हणाली, "आणि मला हवंय तेही?" मग तिने गाडीचं दार उघडलं.

मॉरीन गेली त्याला आता वर्ष होईल. गेली म्हणजे हॅमिल्टनला गेली, भलतंसलतं मनात आणू नका. पण शेजार सुना झाला तो झालाच, मला तिची फार आठवण येते. लग्न तिच्याच ड्राइव्हवेवर लागलं. आई त्यासाठी मुक्काम वाढवून राहिली होती. सह्यांची वेळ आली. जन्मभर पाद्र्यांच्या अक्षराला नावं ठेवलेल्या आमच्या मॉरीनने डेसकडे बघत, हसत अशी काही सही ठोकली की लग्न लावणाऱ्या बाईंनी कागद नाकाशी नेला, लांब धरला, उलटा केला.

आई माझ्या कानाशी लागली, "जा गं, झाडू आण."