धुऱ्यावरची बाज

जगात शांतता नांदावी म्हणून स्वतःच्या कंबरेची वाट लावून घेतलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या घरमालकीण काकू. मोठमोठ्या देशांचे वकील समेटासाठी विमानानं हिंडतात, गालिच्यावरून चालतात, हे मी वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचलं आहे. पण सुतळीची बाज स्वतःच्या डोक्यावर घेऊन, लुगडं वर खोचून, ढेकळांतून कोसभर चालत जाऊन ती बाज भांडणाच्या बरोबर मध्यभागी टाकणारं दुसरं माणूस माझ्या तरी ऐकिवात नाही. बाज टाकायची, तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि भांडण मिटेपर्यंत उठायचं नाही, एवढीच त्यांची विद्या. त्या विद्येपायी त्यांची कंबर कायमची धरली होती. संध्याकाळी ओसरीवर बसून त्या कंबरेला तेल चोळायच्या आणि मला सांगायच्या, "मास्तर, भांडनं सरतात, पन हे दुखनं काई सरत नाई बाप्पा."

मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो तेव्हा एकोणीसशे पन्नास नुकतंच मागं पडलं होतं. गाव आसेगावच्या पुढं, आडरानात. चार वर्ग, एक खोली आणि एक मास्तर अशी शाळा. राहायला मला काकूंच्या घरातली ओसरीकडची खोली मिळाली. काकू तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सहा एकर शेत, एक बैलजोडी. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की त्यांनी घरात "आलं का पानी?" म्हटलं की विहिरीवरच्या बाया आपणहून सरकून जागा करायच्या. गावात भांडण पेटलं की ते काकूंना आधी कळायचं आणि भांडणाऱ्यांना मागाहून. याचं रहस्य म्हणजे नाल्यावरचं धुणं. पुरुष चावडीवर बसून जे बोलायचे त्यावर काकूंचा काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही घरच्या बाया कपडे आपटत काय बोलतात ते त्या स्वतः ऐकून यायच्या आणि मगच बाजेला हात घालायच्या.

आमच्याकडं दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. हा धुरा मोठा चमत्कारिक प्राणी आहे. दरवर्षी वखरणीत तो वीतभर इकडं नाही तर तिकडं सरकतो, आणि कोण सरकवतो हे दोन्ही शेतवाल्यांना अजिबात ठाऊक नसतं. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन सख्ख्या भावांचा असा धुरा सरकला आणि कुऱ्हाडी निघाल्या. काकूंनी धुऱ्यावर बाज टाकली. भाऊ दोन्ही अंगांनी शिव्या देत होते, काकू मध्ये बसून वाती वळत होत्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याला राहवेना, त्यानं पळसाच्या फांद्या तोडून काकूंवर सावली केली. ते पाहून थोरल्यानं मातीच्या मडक्यातून पाणी आणलं. काकू पाणी प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "यानं सावली केली, त्यानं पानी आनलं. दोघांची माय एक हाये हे तं मले तीन दिवस बसून कळलं. आता दोरी आना अन् मोजा." धुरा मोजला गेला. मी हे पाहायला शाळा लवकर सोडून गेलो होतो.

प्रकरण फारच चिघळलेलं असेल तर काकू रोडगे घालायच्या. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात कुस्करायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. वऱ्हाडी माणूस रोडग्याचं आमंत्रण नाकारत नाही आणि रोडगे न खाता उठतही नाही, हे काकूंनी पक्कं ओळखलं होतं. दोन्ही पक्षांना त्या दुपारी बोलावायच्या. लोक येऊन एकमेकांकडं पाठ करून बसायचे. आणि गवऱ्या काही केल्या पेटायच्या नाहीत. धूर व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पोटात कावळे ओरडायचे. शेवटी एका पक्षाचा माणूस उठून फुंकायला लागायचा, मग दुसऱ्या पक्षाचा "तुले येत नाई, सरक" म्हणत पुढं यायचा. एकदा मी काकूंना परसात गवऱ्यांवर पाणी शिंपडताना पकडलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "वल्ल्या गवऱ्या अन् उपाशी मानसं," त्या म्हणाल्या, "यायच्याशिवाय समजोता होतच नाई, मास्तर. कोनाले सांगसान नका."

पण भांडण मिटलं की ते चावडीवर जाहीर करायचं आणि तिथं काकूंना जागा नव्हती. चावडीवर पाटील आणि पंच बसायचे, "पंचांनी समजूत घातली" असं सांगायचे आणि गूळ वाटायचे. काकू तेव्हा घरी राख भरत असायच्या. याचं त्यांना वाईट वाटत असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

ते आलं वर्तमानपत्रामुळं. मंगरूळपीरहून मोटारीनं आसेगावला आणि तिथून कुणाच्या तरी बैलगाडीतून माझं वर्तमानपत्र यायचं, दोन-तीन दिवस शिळं. काकूंना वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो. कोरियातली लढाई थांबली त्या वर्षी मी वाचलं की दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात कैद्यांची राखण करायला आपले शिपाई गेले आहेत आणि त्यांनी कुणाच्या बाजूनं लढायचं नाही. काकू तेल चोळायच्या थांबल्या.

"मंजे धुऱ्यावर बाज टाकली म्हना ना!"

"तसंच म्हणा, काकू."

"त्यात बाया किती हायेत?"

मी बातमी पुन्हा पाहिली. "एकही दिसत नाही."

"मंग रोडगे कोन भाजते तठी?" काकूंनी विचारलं. मी पोट धरून हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. बाईमाणूस नसेल तर समेट टिकणार कसा, हा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरी बातमी आली. साऱ्या देशांच्या सभेचं अध्यक्षपद आपल्या देशातल्या एका बाईंना मिळालं होतं. काकूंनी ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. बाई खुर्चीवर बसते की खाली? खुर्चीवर, चांगल्या उंच. पुरुष कुठं बसतात? समोर, खाली. ती बोलली की ऐकतात? ऐकावंच लागतं. "अन् कागदावर नाव कोनाचं राह्यते?" त्यांचंच, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास आमच्या गावाचं नाल्यापलीकडच्या गावाशी वर्षभराचं वैर चाललं होतं. दोन्ही गावांचा पोळा नाल्याच्या काठी एकाच तोरणाखाली भरायचा. तोरणाखालून पहिली बैलजोडी एक वर्ष त्यांची जायची, एक वर्ष आमची. मध्ये एका साली ढोरांवर रोग आला आणि पोळा भरलाच नाही. मग पुढच्या पोळ्याला पाळी कुणाची? न भरलेला पोळा मोजायचा की नाही? यावरून लाठ्या निघाल्या, तिघांची डोकी फुटली, आणि दोन्ही गावांनी नाल्याचा उतार बंद केला. पलीकडं दिलेल्या आमच्या लेकी माहेरी येऊ शकेनात, आमच्याकडं आलेल्या सुनांना आईचं तोंड दिसेना. एक बाई नाल्याच्या या काठावरून आपलं तान्हं मूल उंच धरून पलीकडं उभ्या असलेल्या आईला दाखवताना मी पाहिलं आहे. काकूंनीही ते पाहिलं. त्या घरी आल्या आणि बाज काढली.

सहा दिवस बाज नाल्याच्या वाळूत होती. सातव्या दिवशी दोन्ही गावांचे रोडगे लागले. त्या दिवशीच्या गवऱ्यांइतक्या ओल्या गवऱ्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. दिवस कलेपर्यंत काकूंनी तोडगा गळी उतरवला. पहिली जोडी दोन्ही गावांची मिळून, एक बैल त्यांचा आणि एक आमचा. आणि यापुढं कितीही भांडण झालं तरी लेकीबाळींचा रस्ता अडवायचा नाही. दोन्ही पाटील हो म्हणाले. कागद लिहायला मी बसलो. काकू माझ्याजवळ येऊन वाकल्या. एवढ्या हळू आवाजात त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

"मास्तर, आखरीले असं लिवा. फुडं वाद झाला तं मले बोलवाचं अन् मी सांगीन ते दोन्ही गावांनं आयकाचं. माह्या नावानिशी लिवा."

मी मान डोलावली. त्या भाजी पाहायला चुलीकडं गेल्या आणि आमचे पाटील माझ्या दुसऱ्या कानाशी आले. "मास्तर, बाईचं नाव घालसान नका. सारा तालुका हासंन. पंच लिवा." नाल्यापलीकडच्या पाटलांनीही मान हलवली. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी पंचवीस वर्षांचा होतो, परगावचा होतो, पाटलांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. मी लिहिलं, 'पुढे वाद झाल्यास दोन्ही गावच्या पंचांनी निकाल करावा व तो मान्य असावा.' सह्या झाल्या, अंगठे उठले, एक कागद त्यांच्याकडं गेला, एक आमच्याकडं राहिला. वाढता वाढता काकूंनी मला विचारलं, "लिवलं ना नाव?"

मी म्हणालो, "हो, लिहिलं."

त्यांनी माझ्या पानात एक जास्तीचा रोडगा ठेवला आणि वर वाटीभर तूप ओतलं. मी तो खाल्लासुद्धा.

पुढचं वर्षभर काकूंच्या चालण्यात जरा ऐट आली होती. विहिरीवर बायांना त्या सांगायच्या, "कागदावर नाव हाये माह्यं. मास्तरनं लिवलं." मी तिथून जात असलो तर पाय उचलून पुढं निघायचो. रोज ठरवायचो की आज सांगून टाकू. रोज वाटायचं, आता सगळं सुरळीत आहे, कशाला दुखवायचं?

पुन्हा पोळा आला. दोन्ही गावांचे दोन बैल झुली घालून, शिंगं रंगवून तोरणापाशी आले, आणि प्रश्न निघाला की उजव्या अंगाला कुणाचा बैल राहणार. कागदात हे लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. घटकाभरात लाठ्या आल्या आणि "आजपासून उतार बंद" अशी आरोळी उठली. नाल्याला घोटाभर पाणी होतं. काकूंनी त्या पाण्यात, बरोबर मध्यभागी, बाज टाकली आणि तिच्यावर बसल्या. पण या वेळी वाती काढल्या नाहीत. हात वर करून म्हणाल्या, "भांडाचं काम नाई. कागद आना. माह्यं नाव हाये त्यात. मास्तर वाचतीन."

कागद आला. दोन्ही काठांवर माणसं, बायका, नटवलेले बैल. मी पाण्यात उभा राहून वाचू लागलो. खोटं वाचावं असं मनात आलं होतं, पण पलीकडच्या काठावर त्यांचा कागद घेऊन त्यांचा माणूस उभा होता. मी 'पंचांनी निकाल करावा व तो मान्य असावा' इथवर आलो आणि थांबलो.

"फुडं?" काकू म्हणाल्या.

"पुढं सह्या आहेत, काकू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काठावर कुणीतरी हसलं. "उठा बाई आता," आमचे पाटील म्हणाले, "पंच पाहून घेतीन." मी खाली पाण्याकडं पाहत राहिलो. मग काकूंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लिवाचं राहून गेलं असंन. त्या दिवशी मीच त्यायले घडीघडी भाजीचं मीठ पाहाले बोलावून राह्यली होती. मास्तरचा दोष नाई."

आणि भांडण मिटायच्या आधी काकू बाजेवरून उठल्या. तसं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी बाज डोक्यावर घ्यायला पुढं झालो. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "तुमाले सवय नाई." बाज स्वतःच डोक्यावर घेऊन, कंबरेवर एक हात ठेवून त्या नाला चढून गेल्या. पंच अनेकदा बसले आणि उठले. त्या दिवाळीला एकही लेक माहेरी आली नाही.

काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. चहा मिळत होता, खोली झाडली जात होती. फक्त संध्याकाळी मी वर्तमानपत्र उघडलं की त्या आत जाऊन जातं ओढायला बसायच्या. 'त्यात बाया किती हायेत?' हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. वर्षभरानं माझी बदली मंगरूळपीरला झाली. निघताना त्यांनी फडक्यात चार रोडगे बांधून दिले. मोटारीत मी ते फडकं उघडलंच नाही. पुढं त्या गेल्याचं कळलं तेही कुणाच्या तरी बोलण्याच्या ओघात.

आता मी म्हातारा झालो. दूरच्या कुठल्या देशात लढाई थांबवायला, तह करायला कोण कोण जमलं याच्या बातम्या अजून वाचतो, आणि फोटो आला की चष्मा पुसून त्यातल्या बायका मोजतो. कधी दोन भरतात, कधी एक, कधी एकही नाही. सांगायला समोर कुणी नसतं.

हे सगळं लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं. एवढी पानं लिहिली आणि यातसुद्धा मी नुसतं 'काकू, काकू' करत आलो आहे. तेव्हा निदान इथं तरी लिहितो. त्यांचं नाव पार्वताबाई होतं. पुढं वाद झाल्यास त्यांना बोलवायचं होतं.