पिण्यासाठी घेतलेली विहीर

कलमवाल्या बाईंची विहीर सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा त्यांनी चकार शब्द काढला नाही. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि नळांना चार-चार दिवस थेंब नव्हता. दीर म्हणाले, अडून बसा, रोपं काय पिणार? बाईंनी आदेश दोनदा वाचला. विहिरीचं पाणी पिण्यासाठी, टंचाई संपेपर्यंत. त्यांनी सही करून दिली.

नवरा गेल्यावर वीस वर्षांत त्यांनी ही रोपवाटिका एकटीने उभी केली होती. त्यांच्या हातचं कलम सहसा जळत नाही, असं लोक म्हणत. आता भांडी धुतलेलं पाणी बादलीने नेऊन त्या थोरल्या झाडांना घालत. छोट्या रोपांच्या रांगा डोळ्यांदेखत माना टाकत होत्या.

महिन्याभरात एक गोष्ट त्यांना खटकू लागली. पाणी ज्या वस्तीसाठी घेतलं होतं, तिथे जाऊन येण्याची टँकरची एक फेरी दीड तासाची. मग हा टँकर अर्ध्या तासात रिकामा होऊन परत कसा येतो? एके सकाळी त्या सरळ ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. तो आधी चुळबुळला, मग नेहमीच्याच वाटेने निघाला. टँकर बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी थांबला आणि त्यांच्या विहिरीचं पाणी ताज्या स्लॅबवर सोडलं गेलं.

"बाई, मी हुकमाचा ताबेदार," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब सांगतात तिथे नेतो."

बाई तशाच टँकरचा कारभार बघणाऱ्या त्या साहेबांच्या कचेरीत गेल्या. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, की संकटकाळात सरकारला सगळे अधिकार असतात.

"असतील," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही विहीर तहानेसाठी मागितलीत. सिमेंटसाठी मागितली असती, तर मी दिली नसती."

साहेबांनी त्यांना बाहेर बसवलं. त्या तीन दिवस येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या महिला अधिकाऱ्याने त्यांना आत बोलावलं. आदेश वाचला आणि विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

बाईंनी पाहिलेलं सगळं सांगितलं. ड्रायव्हरचं वाक्यही सांगितलं.

इमारतीकडच्या फेऱ्या त्याच दिवशी बंद झाल्या. साहेबांची खुर्ची मात्र हलली नाही. कामावरून गेला तो ड्रायव्हर.

दीर म्हणाले, आदेश त्यांनीच मोडलाय, आता विहीर परत मागा. बाई आधी वस्तीत जाऊन आल्या. कळशा घेऊन बायका उन्हात बसल्या होत्या, एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं. परत येऊन त्यांनी अर्जात एवढंच लिहिलं, की पाणी न्या, फक्त सकाळचा एक तास मला द्या. तो मिळाला. तोवर निम्मी रोपं हातची गेली होती.

ड्रायव्हरच्या घरी त्या दोनदा गेल्या. त्याच्या बायकोने दारातच विचारलं, "त्यांचं नाव घ्यायची काय गरज होती?" बाईंनी ड्रायव्हरच्या बाजूने कचेरीत लेखी जबाब दिला, पण त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही.

शेवटी तो रोपवाटिकेत कामाला आला. दोन महिने खाली मान घालून माती चाळली. बाईंशी कामापुरतंच बोलला. पाऊस सुरू झाला, विहिरीचा ताबा परत मिळाला. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. जाताना सांगायलाही आला नाही.

बाई मेलेली रोपं उपटून वाफे नव्याने भरायला बसल्या. दिराने विहीर सुटल्याचं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी हातातली माती झटकली आणि त्या उठून आत गेल्या.