आमी मनानं आलोय

मालकिणीनं आम्हाला पाईपानं धुतलं. कुंड्यांना पाणी मारायचा तोच पाईप. सकाळची वेळ, शेडनेटच्या तोंडाशी आम्ही अकराजणी रांगेत, अंगावर साड्या तशाच. ती लांब उभी राहून पाणी मारत होती, पदर नाकाला लावून.

"वळा. पाठ करा. पावन्यांना वास यायला नको."

काशीमावशी आमच्यात सगळ्यात म्हातारी. साठीच्या पुढची. पाण्याच्या जोरानं ती चिखलात आडवी पडली. सुपरवायझर हसला. तिला कुणी उठवलं नाही. मीही नाही. हे आधीच सांगून टाकते.

पाव्हणे म्हणजे पुण्याच्या एका कंपनीची माणसं. ही कंपनी सोसायट्यांना, ऑफिसांना बागा करून देते. तिची रोपं राहुरीजवळच्या आमच्या नर्सरीतून जायची. रोपं वाढवणाऱ्यांवर जबरदस्ती होत नाही ना, हे बघायला ते येणार होते. धुऊन झाल्यावर आम्हाला साडीवर घालायला हिरवे टी-शर्ट दिले. हातमोजे दिले. मळवू नका, परत द्यायचेत, असंही सांगितलं.

मी पाथर्डीकडची. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात. नवऱ्यानं मुकादमाकडून दोघांच्या मजुरीची आगाऊ उचल घेतली. मोळ्या वाहून माझी कंबर गेलेली, म्हणून मुकादमानं मला उसाच्या फडाऐवजी इथं आणून सोडलं. नवरा कारखान्यावर गेला. पहिल्याच दिवशी मालकिणीनं माझं आधार कार्ड आणि मोबाईल घेतला. सगळ्याजणींचे तसेच घेतलेले. कपाटात बंद. फाटकाला कुलूप. दवाखान्यात जायचं तरी सुपरवायझर बरोबर. उचल फिटली की जा, म्हणायचे. कधी फिटणार, असं विचारलं की शिवी.

पिशव्यांत माती भर, कलमं बांध, औषध मार. औषधानं माझ्या बोटांची सालं निघाली. ते मी सोसलं.

मग आई गेली. भावानं सुपरवायझरच्या मोबाईलवर कळवलं. त्या दिवशी रोपांचा ट्रक भरायचा होता, म्हणून त्यानं मला सांगितलंच नाही. मी ट्रक भरला. दुसऱ्या दिवशी दुसरा भरला. जेवले. कुणाच्या तरी बोलण्यावर हसलेही असेन. तिसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारून जाता जाता म्हणाला,

"तुझी आई वारली परवा. आता जाऊन काय करती? माती झाली बी."

मी मालकाचे पाय धरले. तो खुर्चीत बसून पेरू खात होता. त्यानं पाय मागं घेतले.

"तुमी लोकं एकदा गेली की परत येत न्हाई. रडायचं तर रड. पर हात चालू ठेव."

मी हात चालू ठेवून रडले.

त्याला महिनाही झाला नव्हता. पाव्हणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझरनं आम्हाला खाली बसवलं आणि शाळेतल्या पोरांसारखं घोकून घेतलं. आमी मनानं आलोय. मनानं राहतोय. कधीबी जाऊ शकतो. जिचं चुकलं तिला परत उभं केलं.

कंपनीची एक मॅडम आली, बरोबर फोटो काढणारा एक माणूस. मालकानं त्यांना खुर्च्या दिल्या, नारळपाणी दिलं आणि स्वतः शेजारीच बसला. आम्हाला एकेक करून पुढं बोलावलं. काशीमावशीनं एका दमात सगळं म्हणून टाकलं. तिच्या कानात अजून चिखल होता. मॅडमनं कागदावर खूण केली.

माझी पाळी आली.

"तुम्हाला इथून जायचं असेल तर जाता येतं का?"

मी मालकाकडं बघितलं. तो मान डोलवत होता, म्हण म्हण असं. 

"येतं. कधीबी येतं," मी म्हणाले. हातमोजे काढले. त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवले. "मंग मी आत्ताच निघते. माझं कार्ड द्या."

मालक हसला. "आई गेल्यापासनं डोकं ठिकाणावर न्हाई हिचं, मॅडम."

"आई गेली तवा तीन दिस मला सांगितलं न्हाई यांनी. फाटकाचं कुलूप तुमी येनार म्हनून काढलंय. समद्यांची कार्डं मालकिणीच्या कपाटात हायेत."

मॅडमनं मालकिणीकडं बघितलं. मग मॅडम म्हणाली, "कपाट उघडा."

रबर लावलेली कार्डांची गड्डी निघाली. फोटोवाल्यानं गड्डीचा फोटो काढला. मी माझं कार्ड घेतलं, मोबाईल घेतला. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, चल."

"माझा ल्योक मुकादमाच्या टोळीत हाय गं," ती म्हणाली. खाली बघूनच.

मी मॅडमला म्हणाले, एस्टी स्टँडापर्यंत गाडीत घ्या. ते आमच्या नियमात बसत नाही, ती म्हणाली, आणि तिच्या नंबराची चिठ्ठी हातात दिली. मी ओल्या साडीनं चालत निघाले. पाव्हण्यांसमोर मला कुणी अडवलं नाही.

उचल फिटायच्या आत निघून आले म्हणून नवऱ्यानं मला कारखान्यावरच्या झोपडीत घेतलं नाही. भावाकडं राहिले. आठवड्यानं राहुरीच्या तहसीलला गेले. कारकून म्हणाला, "बाई, वेठबिगारी लिहू नका. किरकोळ वाद लिहा." मी वेठबिगारीच लिहायला लावलं. दुपार गेली, पण लिहायला लावलं.

चौकशीला माणसं गेली तेव्हा नर्सरीत एकही बाई नव्हती. कंपनीनं माल घेणं बंद करायचं पत्र पाठवलं, त्याच दिवशी मालकानं दहाजणींना टेम्पोत घालून दुसरीकडं हलवलं होतं. कुठं, ते कुणी सांगत नाही.

मी मॅडमला फोन केला. ती गोड आवाजात म्हणाली, "आता काळजी करू नका. त्या नर्सरीशी आमचा काही संबंध राहिलेला नाही."

संबंध तोडला की ह्यांचे हात धुतले गेले. बायका मात्र कुठल्या तरी दुसऱ्या फाटकाच्या आत आहेत, आणि त्यांनी वाढवलेली रोपं कुणाच्या तरी बागेत लागणारच आहेत.

सोमवारी मी पुण्याला त्या कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे. दहाजणींची नावं मी लिहून घेतलीत. काशीमावशीचं पहिलं. नवा माल कुठून घेता, ते विचारीन. सांगितलं तर त्या फाटकावर जाईन. नाही सांगितलं तर त्यांच्या दारात बसेन. उचलून बाहेर टाकलं, तर परत येऊन बसेन.