सतरा नंबरचा माड

सौदीतल्या यान्बूत नारळ मिळत नाही असं नाही. सुपरमार्केटात मिळतो, शेंडी साफ भादरलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, फोडला की दहातले चार कुजके निघणारा. मिळत नाही तो माड. रस्त्यांच्या मधोमध खजुरींच्या रांगा आहेत आणि प्रत्येकीच्या बुडाशी पाण्याची काळी नळी आहे. पहिल्या वर्षी मला त्या खजुरींचा चक्क राग यायचा. लांबून माड वाटतो, आनंद होतो, जवळ जावं तर खजूर. नवरा म्हणायचा, "तुझ्यासाठी सरकारने झाडं बदलावीत अशी अपेक्षा आहे का?" होती. का नसावी?

मी इथल्या एका हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स आहे. आमचं काम पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास धावपळीचं. पेशंटला मशीनला जोडलं की मग जवळजवळ चार तास मशीनकडे आणि माणसाकडे लक्ष ठेवायचं, दर थोड्या वेळाने बीपी लिहायचं. पेशंट झोपतात, आणि नर्सेस हळू आवाजात बोलतात. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या गप्पा या चार तासांत झाल्या असतील.

तिची ओळख वासावरून झाली. नवीन आलेली इंडोनेशियन नर्स, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पॅन्ट्रीत डबा उघडून बसली होती. मी दारातच थांबले. भाजलेल्या खोबऱ्याचा वास! नुसता नव्हे, चांगलं खरपूस, तांबूस होईपर्यंत परतलेल्या खोबऱ्याचा. मी ओळख ना पाळख, सरळ विचारलं, "हे काय आहे?" तिने भातावरचा तो कोरडा चुरा चमचाभर माझ्या तळहातावर ठेवला. गोडसर, तिखट, मासळीचा जरासा वास. मी तो चाटून खाल्ला. माझ्या वयाच्या बाईला शोभलं नसेल, पण तिने पुन्हा चमचा पुढे केला.

ती सुंबावा नावाच्या बेटावरची. बालीच्या पूर्वेला लोंबोक, त्याच्या पूर्वेला हे. मला बाली तेवढं माहीत होतं, तेही लोकांच्या हनिमूनच्या फोटोंवरून. ती मला 'काक' म्हणायची, तिकडे थोरल्या बहिणीला असं म्हणतात. आमच्या घरी यावरून किती हसू झालं ते सांगत नाही. आम्ही बोलायचो हॉस्पिटलच्या इंग्रजीत, मध्ये मध्ये अरबी खलास आणि यल्ला पेरून, आणि अडलं की हातांनी. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे, कारण मला ते मराठीतच आठवतं.

तिचं गाव समुद्राला लागून. लाकडी खांबांवर उभी घरं, खाली सावलीत बांधलेली बुटकी घोडी, मागे डोंगर. घरासमोर आईची माडांची बाग आणि तिच्या पुढे वाळू. आई नारळ किसून, दूध काढून, आटवून तेल करते आणि गावात विकते. हे ती सांगत होती आणि मला आमच्या बागेतल्या वाळूचा स्पर्श पायांना जाणवत होता. आमचं गाव सिंधुदुर्गातलं. घर वर, डोंगराच्या कुशीत, आणि समुद्राकडे माडांचा एक तुकडा. सुट्टीत आम्ही भावंडं सकाळी तिथे जायचो ते जेवायच्या हाकेलाच परत यायचो. पडलेल्या झावळ्या ओढत आणणं हे माझं काम होतं. त्या ओढताना वाळूवर जी रेघ उमटते ती मला आजही काढून दाखवता येईल. फार सुखाचे दिवस होते ते, आणि ते सुखाचे आहेत हे तेव्हाही कळत होतं.

तिच्या गावात आधी आले ते लाटांवर फळी घेऊन उभे राहणारे गोरे. ते तिच्या आईच्या पडवीत चटईवर झोपायचे, मासे-भात खायचे, आणि जाताना आईला मिठी मारायचे. आई आधी घाबरली, मग तिला सवय झाली. त्यांच्यानंतर कॅमेरेवाले आले. आई तेल आटवायला बसली की चुलीभोवती चार माणसं उभी. एकीने आईला सांगितलं, प्लास्टिकची बादली बाजूला ठेवा, फोटोत बरी दिसत नाही.

"आमच्याकडेही!" मी जवळजवळ ओरडलेच. एक पेशंट जागा झाला. आमच्या गावात पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागले तेव्हा माझ्या आईला घावणे घालताना बघायला अशीच माणसं जमायची. एका बाईने विचारलं होतं, "आजी, तुम्ही नऊवारी नाही का नेसत?" आई गाऊनमध्ये होती आणि गाऊन तिला अतिशय प्रिय होता. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसलो.

दुसऱ्या वर्षी तिच्या गप्पांत जमीन आली. व्हिला बांधणारा एक परदेशी माणूस तिच्या आईची बाग मागत होता. तिकडे परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, म्हणून तीस वर्षांच्या भाड्याने. बाग वडिलांच्या मागे आई, थोरला भाऊ आणि ही, अशा तिघांची होती. भावाला ती द्यायची घाई होती. आई म्हणत होती, मुलं ठरवतील ते. अडकलं होतं ते हिच्या सहीपाशी. भावाने कागद फोनवर पाठवले आणि सांगितलं, जेद्दाच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन मला मुखत्यारपत्र करून दे, बाकी मी बघतो.

"तू येशील माझ्याबरोबर?" तिने विचारलं. "तू हे केलं आहेस ना एकदा?"

मी केलं होतं. चार वर्षांपूर्वी, त्याच शहरात, आपल्या कॉन्सुलेटमध्ये. तिला एवढंच माहीत होतं की आम्ही बाग विकली. पुढचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आम्ही सुट्टी टाकून सकाळच्या बसने जेद्दाला गेलो. वेळ हातात होता म्हणून बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, चहाला बसलो, जुन्या लाकडी सज्ज्यांच्या सावलीत. तिला आईसाठी तसबीह, जपाची माळ, घ्यायची होती, ती घेऊन झाली. मी म्हटलं, "सही करण्याआधी कागद वाचून दाखव बघू." मला तिची भाषा येत नाही, पण ती एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत गेली. अमुक दिशेला समुद्र, तमुक दिशेला मशिदीची वाट. घर नाही, फक्त बाग. आणि मग, "ही जमीन आणि तिच्यावर उभं असलेलं व उगवणारं सर्व काही."

"थांब," मी म्हटलं. "सर्व काही म्हणजे झाडंसुद्धा?"

ती हसली. "ते असंच लिहितात, काक. झाडं जमिनीबरोबर कुठे जातात? जमीन एकाची, झाड ज्याने लावलं त्याचं. आमच्या बागेत शेजारणीचे दोन माड आहेत, मशिदीला दिलेला एक आहे. हे सगळ्यांना माहीत आहे."

माझा चहा तसाच राहिला. कारण जवळजवळ हेच चार वर्षांपूर्वी मी माझ्या भावाकडून ऐकलं होतं.

आमच्याकडेही तेच होतं. सामाईक जमिनीत फणस एका काकाचा, माड दुसऱ्याचे, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नसे. बागेत माझ्या नावाचा एक माड होता आणि भावाच्या नावाचा एक. बाबांनी आमच्या जन्मानंतर लावलेले, आणि शेजारी आजोबांच्या हातचे दोन. विकताना दलालाशी बोलणं झालं होतं की जमीन द्यायची, ते चार जुने माड आमचे, नारळ आई उतरवून घेईल. खरेदीखताचा मसुदा भावाने पाठवला तेव्हा मी तो नीट वाचला होता. त्यात ती जुनी ओळ होती, 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. मला ती इतकी आवडली की मी ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. एखादा मंत्र म्हणावा तशी. मंत्राचा अर्थ कोण बघतं? तरीही मी भावाला फोन करून विचारलं होतं, माडांचं वेगळं लिहायला नको का? तो म्हणाला, "गे, तोंडान बोलणा झाला हा. माड आमचेच. कागदार कित्याक व्हया?" आणि मला ते पटलं. पटलं, हे महत्त्वाचं. भावाला दोष देऊन मी सुटू शकत नाही. 'तरू' मी स्वतः वाचला होता.

पुढच्या उन्हाळ्यात चारही माड आडवे झाले. तिथे स्विमिंग पूल आला. समुद्र पन्नास पावलांवर असताना स्विमिंग पूल! भावाने भांडून पाहिलं, त्या माणसाने शांतपणे कागद दाखवला. तो लबाड नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की झाडं वेगळी असतात, आणि सांगितलं असतं तरी त्याला ते खरं वाटलं नसतं. त्या वर्षी गणपतीत मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "चवथीक पयल्यांदाच नारळ इकत हाडले." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सही माझी होती.

हे सगळं मी बलदमधल्या त्या चहाच्या टेबलाशी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण हे तर सगळ्यांना माहीत असतं."

"आमच्याकडेही सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "घेणाऱ्याला नव्हतं."

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आम्ही कॉन्सुलेटला गेलोच नाही. दुपारच्या बसने परत आलो. वाटेत मला वाटलं, आपण नसतं धाडस केलं, उगाच एका घरात भांडण लावलं.

भांडण लागलंच. भाऊ महिनाभर हिच्याशी बोलला नाही. व्हिलावाला दुसरी जमीन बघायला लागला अशी बातमी आली, तेव्हा ही ड्यूटीवर सारखा फोन तपासायची आणि मी बीपीचे आकडे लिहीत तिच्याकडे चोरून बघायची. तो सौदा हातचा गेला असता तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं? शेवटी मार्ग काढला तो तिच्या आईने. ती गावच्या प्रमुखाला घेऊन बागेत गेली, प्रत्येक माडाच्या बुंध्यावर चुन्याने नंबर घातला आणि समोर मालकाचं नाव लिहून घेतलं. एकूण सोळा माड. ही यादी कराराला जोडा, झाडं तोडायची नाहीत, नारळ ज्याचे त्याचे, तर सही. व्हिलावाला आला, त्याने माडांवरचे नंबर बघितले आणि खूश झाला. पाहुण्यांना हे फार आवडेल, म्हणाला, प्रत्येक झाडापाशी मालकाच्या नावाची पाटी लावू का? ती हे सांगत असताना मी कपाळावर हात मारला. पण पाटी तर पाटी, माड उभे राहिले. व्हिला त्यांच्या मधून वाकडातिकडा बांधला गेला. तिने सही केली, तीही आनंदाने.

गेल्या वर्षी तिचा करार संपला आणि ती कायमची घरी गेली. जाताना मला खोबऱ्याचा चुरा भरलेली बरणी देऊन गेली. मी तो पुरवून पुरवून वापरला. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण डब्यात नूडल्स आणते. चार तास आता मोठे वाटतात.

परवा ड्यूटीवर असताना तिचा फोटो आला. वाळूत एक रोप, तीन पानांचं, गुरांनी खाऊ नये म्हणून भोवती बांबूचं कुंपण. शेजारी तिची आई उकिडवी बसलेली, प्लास्टिकच्या बादलीसह. खाली दुसरा फोटो, करारासोबतच्या त्या यादीचा. सोळा नावांखाली हाताने लिहिलेलं सतरावं, समोर प्रमुखाची आणि व्हिलावाल्याची सही. सतरावं नाव माझं होतं. रोमन लिपीत, जरा चुकलेलं. खाली तिने लिहिलं होतं, "जमीन आमची. माड तुझा. सगळ्यांना माहीत आहे, आणि कागदावरही आहे."

एका मशीनचा अलार्म वाजत होता. मी जाऊन तो बंद केला, पेशंटची नळी सरळ केली, आणि डोळे पुसले. घरी गेल्यावर नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "सातबारावर चढव आता." मग तोही बराच वेळ फोटो बघत बसला.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "आये, माझो एक माड आसा."

"खंय?"

मी सांगितलं. बेट कुठे आहे, कोणाचं, कसं. आईने सगळं ऐकून घेतलं. आई आता थकली आहे, ऐकायलाही कमी येतं, मला वाटलं तिला नीट कळलं नसावं.

मग तिने विचारलं, "पाणी कोण घालता तेका?"

"तिची आवस," मी म्हटलं. फोटोत तिच्या आईशेजारी बादली होतीच.

"मगे जगतलो," आई म्हणाली.